फेलओव्हरनंतर व्यवहार दोनदा नोंदले जाणे किंवा हरवणे : ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते आणि ती कशी मिटवावी

तक्रारीचे स्वरूप साधारण असे असते. मुख्य डेटाबेस सर्व्हर बंद पडतो, पर्यायी सर्व्हर ठरल्याप्रमाणे काही सेकंदांत काम हाती घेतो (यालाच फेलओव्हर म्हणतात), देखरेखीच्या पडद्यावर सगळे पुन्हा हिरवे दिसू लागते, आणि दुसऱ्या दिवशी ताळमेळ घेताना दहा-पंधरा नोंदी जुळत नाहीत. काही खात्यांत एकच रक्कम दोनदा नावे पडलेली असते. काही ग्राहकांकडे ‘व्यवहार यशस्वी’ असा संदेश असतो, पण खातेवहीत त्या व्यवहाराचा मागमूस नसतो. काही खाती कुलूप लागल्यासारखी अडकून बसलेली असतात आणि त्यांच्यावर नवा व्यवहारच होत नाही. मग त्या नोंदी हाताने दुरुस्त केल्या जातात, एखाद्या टाइमआउटचा, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीचा, आकडा वाढवला जातो, आणि पुढच्या फेलओव्हरला तेच पुन्हा घडते.

मी ज्या प्रणालीवर काम करत होतो तिथे हे चक्र जवळजवळ वर्षभर चालले. हे सगळे आम्ही एकच दोष मानत होतो आणि त्याला ‘फेलओव्हरची गडबड’ असे नाव देऊन मोकळे झालो होतो. म्हणूनच इतका वेळ गेला. प्रत्यक्षात ते चार वेगवेगळे दोष होते आणि फेलओव्हर हा केवळ त्यांना उघडे पाडणारा प्रसंग होता. चारही दोषांच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट होती. वितरित, म्हणजे अनेक मशीन मिळून चालवणाऱ्या, प्रणालीत कोणत्याही विनंतीला ‘झाले’ आणि ‘झाले नाही’ यांखेरीज ‘माहीत नाही’ असे तिसरे उत्तर असते, आणि आमच्या संगणक-कार्यक्रमात (प्रोग्रॅममध्ये) या तिसऱ्या उत्तराला कुठेच जागा नव्हती. जिथे ‘माहीत नाही’ म्हणायला हवे होते तिथे एक थर ‘नाही’ म्हणत होता, दुसरा ‘हो’ म्हणत होता, आणि दोघांच्या उत्तरांतली तफावत खातेवहीत उमटत होती.

आधी नोंदींची वर्गवारी

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी एक काम तातडीने करावे लागते, आणि ते बहुतेक वेळा राहूनच जाते. जुन्या प्रायमरीच्या, म्हणजे बंद पडलेल्या मुख्य सर्व्हरच्या, डिस्कवरचा लॉग (बदलांची क्रमवार नोंद) दुसरीकडे उतरवून ठेवावा. बंद पडलेले मशीन पुन्हा सुरू झाले की त्याला स्टँडबाय, म्हणजे पर्यायी सर्व्हर, म्हणून जोडून घेण्याची घाई असते, आणि जोडून घेताना त्याच्यावरचा वेगळा पडलेला इतिहास पुसला जातो. हरवलेल्या व्यवहारांचा एकमेव पुरावा अनेकदा त्याच पुसल्या जाणाऱ्या भागात असतो.

त्यानंतर न जुळलेली प्रत्येक नोंद एका तक्त्यात घेऊन तिच्यापुढे विनंती पहिल्यांदा कधी आली, कमिट कधी झाले, म्हणजे व्यवहार डेटाबेसमध्ये पक्का कधी झाला, आणि फेलओव्हर कधी झाला हे लिहावे. दोन मशीनची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे सेकंदाच्या अंशांवरून निष्कर्ष काढायचा असेल तर घड्याळापेक्षा लॉगमधील अनुक्रमावर भरवसा ठेवावा. हा तक्ता तयार झाला की बरेचसे निदान आपोआप होते. आमच्याकडे दुहेरी नोंदींच्या प्रत्येक जोडीतले अंतर तीस सेकंद आणि वर काही मिलिसेकंद एवढेच निघाले, आणि मध्यस्थ सेवेचा (ग्राहकाची विनंती डेटाबेसपर्यंत नेणाऱ्या थराचा) टाइमआउट नेमका तीस सेकंदांचा होता. असा मेळ दिसला की दोष पुनर्प्रयत्नात आहे हे नक्की समजावे. हरवलेल्या नोंदींच्या कमिटच्या वेळा फेलओव्हरच्या आधीच्या एक-दोन सेकंदांत एकवटलेल्या असतील, तर रेप्लिका, म्हणजे पर्यायी सर्व्हरवरची प्रत, मागे राहिली होती. त्याच वेळा फेलओव्हरच्या नंतरच्या असतील तर प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण त्याचा अर्थ असा की नवा प्रायमरी कामाला लागल्यावरही जुना प्रायमरी व्यवहार स्वीकारत होता. अडकलेल्या खात्यांसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स हा व्ह्यू पाहावा आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एक्सए रिकव्हर ही आज्ञा द्यावी. तिथे तासन्‌तास पडून असलेल्या नोंदी दिसल्या तर ते चौथे कारण होय.

टाइमआउट म्हणजे नकार नव्हे

पहिल्या दोषाचा एक नमुना जवळून पाहू. मध्यस्थ सेवा ०२:१३:४१ ला ‘या खात्यातून १,२५० नावे टाका’ अशी विनंती पाठवते. डेटाबेस त्याच सेकंदात कमिट करतो, लॉग डिस्कवर उतरतो, रेप्लिकाकडेही पोचतो, आणि उत्तराचे पॅकेट बाहेर पडण्याआधी मशीनचा वीजपुरवठा जातो. मध्यस्थ सेवा ०२:१४:११ पर्यंत वाट पाहते, उत्तर न आल्यामुळे ‘अयशस्वी’ असे नोंदवते आणि तीच विनंती पुन्हा पाठवते. आता उत्तर देतो तो नवा प्रायमरी. त्याच्या टेबलात पहिली नोंद आधीच आहे, परंतु दुसरी विनंती म्हणजे त्याच व्यवहाराची पुनरावृत्ती आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते, म्हणून तो तीही इमानेइतबारे नोंदवतो. यात डेटाबेसने, रेप्लिकेशनने आणि फेलओव्हरने आपापले काम अचूक केले आहे. चुकला तो फक्त ‘अयशस्वी’ हा शब्द.

टाइमआउटचा आकडा वाढवून हे सुटत नाही. दोन टोकांमधला निरोप हरवू शकत असेल, तर कितीही पोचपावत्या पाठवल्या तरी दोन्ही टोकांची एकाच निर्णयाबद्दल खात्री पटवता येत नाही, हे १९७५ मध्येच दाखवले गेले होते; ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून तो ओळखला जातो. तेव्हा अनिश्चितता काढून टाकण्याच्या मागे न लागता, अनिश्चित अवस्थेत पुन्हा विचारणे निर्धोक करणे हाच मार्ग उरतो. १९७६ मध्ये पहिले नॉनस्टॉप संगणक देणाऱ्या टँडम कंपनीच्या रचनेत प्रत्येक महत्त्वाच्या प्रक्रियेची दुसऱ्या प्रोसेसरवर एक जोडीदार प्रक्रिया असे, आणि विनंत्यांना अनुक्रमांक असल्यामुळे जोडीदाराने काम हाती घेतल्यावर पुन्हा आलेली विनंती त्याला ओळखता येई. आज आपण जे करतो ते तत्त्वतः तेच आहे.

उपाय असा की प्रत्येक व्यवहाराला त्याच्या उगमापाशीच एक विनंती-क्रमांक द्यावा, तो सर्व थरांतून जसाच्या तसा खाली यावा, आणि डेटाबेसने तो क्रमांक खातेवहीतील नोंदीसोबत एकाच कमिटमध्ये साठवावा. पुन्हा तोच क्रमांक आला तर नवी नोंद न करता पहिल्या वेळचेच उत्तर परत द्यावे. हे वाचायला सोपे वाटते, पण अंमलात आणताना चुका नेमक्या कुठे होतात ते मी सविस्तर सांगतो, कारण आम्ही हा उपाय केला असे म्हणालो त्यानंतरही दोन वेळा दुहेरी नोंदी झाल्या.

पहिल्या वेळी क्रमांक तयार करण्याची जागा चुकली होती. मध्यस्थ सेवेतील तयार कोडची लायब्ररी प्रत्येक विनंती पाठवताना नवा क्रमांक तयार करत होती आणि पुनर्प्रयत्न हीही तिच्या लेखी एक नवी विनंती होती. परिणामी, दोन्ही नोंदींचे क्रमांक वेगळे होते आणि डेटाबेसला त्या वेगळ्याच दिसल्या. क्रमांक व्यवहाराच्या हेतूला चिकटलेला हवा, पाठवण्याच्या कृतीला नव्हे. वापरकर्त्याने ‘पाठवा’ हे बटण दाबण्याआधी, पडदा उघडतानाच तो तयार व्हावा, म्हणजे घाईत बटण दोनदा दाबले गेले तरी क्रमांक एकच राहतो.

दुसऱ्या वेळी क्रमांक बरोबर होता, परंतु तो तपासण्याची पद्धत चुकली होती. कार्यक्रम आधी ‘हा क्रमांक टेबलात आहे का’ असे विचारत होता आणि नसल्यास नोंद करत होता. दोन विनंत्या काही मिलिसेकंदांच्या फरकाने आल्या, दोघींनाही ‘नाही’ असे उत्तर मिळाले आणि दोघींनीही नोंद केली. ही तपासणी कार्यक्रमात करू नये. विनंती-क्रमांकाच्या स्तंभावर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) ठेवावा, थेट नोंद करण्याचा प्रयत्न करावा आणि डेटाबेसने नकार दिला तर आधीची नोंद वाचून तिचे उत्तर द्यावे. क्रमांकांची नोंद वेगळ्या कॅशमध्ये (तात्पुरत्या जलद साठ्यात) ठेवण्याचा मोह होतो, कारण ते वेगवान असते. पण खातेवही आणि कॅश ही दोन वेगळी ठिकाणे झाली की एकात कमिट झाले आणि दुसऱ्यात झाले नाही अशी अवस्था येणारच. ज्या आजारासाठी औषध घेतले तोच आजार त्या औषधातून परत येतो.

क्रमांकासोबत विनंतीतील रक्कम, खाते इत्यादी मजकुराचा हॅशही (त्या मजकुरावरून काढलेली लहान खूण) साठवावा आणि त्याच क्रमांकाने वेगळी रक्कम आली तर विनंती स्पष्टपणे नाकारावी. क्रमांक किती काळ जपायचे हे सर्वांत लांब पुनर्प्रयत्नावरून ठरवावे. एखादे उपकरण दोन दिवस नेटवर्कबाहेर राहून मग साठलेल्या विनंत्या पाठवत असेल, तर चोवीस तासांनी क्रमांक पुसून टाकणारी प्रणाली त्या दिवशी दुहेरी नोंद करणारच. साठवायचे उत्तरही अंतिम स्वरूपाचेच असावे. ‘शिल्लक अपुरी’ हे पहिल्यांदाचे उत्तर साठवून तेच परत देणे योग्य आहे, पण ‘सर्व्हर व्यस्त’ हे उत्तर साठवले तर तो व्यवहार कायमचाच व्यस्त राहील.

पुनर्प्रयत्न कोणी करायचा हेही ठरवून घ्यावे. तीन थर असतील आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे तीन वेळा प्रयत्न करत असेल, तर वरून आलेली एक विनंती तळाशी सत्तावीस वेळा पोचू शकते, आणि तीही नवा प्रायमरी नुकताच उभा राहत असताना. अशा माऱ्याखाली तो पुन्हा कोसळतो आणि दुसरा फेलओव्हर होतो. पुनर्प्रयत्न एकाच थराने, शक्यतो सर्वांत वरच्या थराने करावा, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळावी, म्हणजे सगळे ग्राहक एकाच ठोक्याला पुन्हा येत नाहीत.

व्यवहाराचा काही भाग डेटाबेसबाहेर घडत असेल, म्हणजे दुसऱ्या संस्थेच्या प्रणालीला निरोप जाणार असेल, तर तो निरोप कमिटच्या आधी किंवा नंतर थेट पाठवू नये. आधी पाठवला आणि कमिट फसले तर निरोप खोटा ठरतो. नंतर पाठवायचा असताना मशीन बंद पडले तर निरोप जातच नाही. तो त्याच कमिटमध्ये ‘पाठवायचे निरोप’ अशा एका टेबलात लिहावा आणि वेगळ्या प्रक्रियेने तिथून उचलून पाठवावा. ती प्रक्रिया कधीतरी तोच निरोप दोनदा पाठवेल हे गृहीत धरावे, म्हणूनच निरोपातही मूळ विनंती-क्रमांक असावा.

‘यशस्वी’ म्हटलेला व्यवहार हरवतो तेव्हा

इथे प्रणालीने ‘माहीत नाही’ऐवजी ‘हो’ म्हटलेले असते. असिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये प्रायमरी स्वतःच्या डिस्कवर लिहून लगेच ग्राहकाला होकार देतो आणि रेप्लिकाकडे बदल मागाहून पाठवतो. त्या मधल्या क्षणांत प्रायमरी गेला तर होकार दिलेला व्यवहार नव्या प्रायमरीकडे कधीच नव्हता. ज्या माहितीत एक-दोन सेकंदांचे नुकसान चालते तिथे ही तडजोड रास्त आहे, परंतु पैशांच्या नोंदींत ती चालत नाही.

बहुतेक जण यावर म्हणतात, ‘आमच्याकडे सिंक्रोनस सेटिंग सुरू आहे.’ म्हणजे रेप्लिकाची पोच आल्यावरच ग्राहकाला होकार मिळतो. ती सेटिंग खरोखर सुरू आहे का, हे तपासण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला आहे. पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस_कमिट ही सेटिंग ‘ऑन’ दिसते, पण सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स रिकामी असेल तर त्या ‘ऑन’चा अर्थ केवळ स्वतःच्या डिस्कवर लिहिले एवढाच होतो. रिमोट_राइट हे मूल्य दिले असेल तर स्टँडबायने माहिती आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिली एवढ्यावरच होकार मिळतो. ती डिस्कवर उतरलेली असतेच असे नाही. मायएसक्यूएलच्या सेमी-सिंक रेप्लिकेशनमध्ये रेप्लिकाची पोच ठरावीक काळात आली नाही तर प्रायमरी कोणालाही न अडवता असिंक्रोनस पद्धतीवर उतरतो, आणि हा काळ मुळात दहा सेकंदांचा ठेवलेला असतो. नेटवर्क डळमळीत होऊन मग प्रायमरी पडला, असा क्रम अगदी सामान्य आहे, म्हणजे ज्या वेळी संरक्षण हवे असते त्याच्या थोडे आधीच ते गळून पडलेले असते. ही उतरण झाली की तिची सूचना तत्काळ कोणालातरी जायला हवी. लॉगमधील एका ओळीवर हे सोडू नये.

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक बारकावा आहे. सिंक्रोनस स्टँडबायच्या पोचेची वाट पाहत असलेले कमिट ग्राहकाने रद्द केले, तरी तो व्यवहार प्रायमरीवर आधीच कमिट झालेला असतो. डेटाबेस फक्त तसा इशारा देतो. अनेक कार्यक्रम हा इशारा वाचतच नाहीत आणि व्यवहार रद्द झाला असे मानतात. ही पुन्हा ‘माहीत नाही’ अशीच अवस्था आहे आणि तिला उत्तरही तेच : त्याच विनंती-क्रमांकाने पुन्हा विचारावे.

एकच सिंक्रोनस स्टँडबाय ठेवू नये. तो बंद पडला की प्रायमरीवरील सगळे कमिट थांबतात, रात्रीच्या पाळीवर असलेल्या माणसावर दबाव येतो आणि तो सेटिंग ‘तात्पुरती’ असिंक्रोनस करतो. सकाळी ती पूर्ववत करायची राहून जाते. आमच्याकडे हरवलेल्या नोंदींचा मोठा भाग अशाच एका विसरलेल्या बदलामुळे होता, आणि मी याचा दोष त्या माणसाला देत नाही, कारण रचनेनेच त्याला दुसरा मार्ग ठेवला नव्हता. टँडममध्ये काम करणारे जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये तिथल्या ग्राहकांकडील बिघाडांचा अभ्यास मांडला, तेव्हा सुमारे ४२ टक्के बिघाड प्रशासन आणि संचालनातून आलेले आढळले, सॉफ्टवेअरचे २५ टक्के आणि हार्डवेअरचे अवघे १८ टक्के. यंत्रे दुहेरी करण्यावर आपण जेवढा खर्च करतो त्याच्या मानाने, रात्री तीन वाजता माणसापुढे कोणते पर्याय असतील याचा विचार फारच कमी करतो. किमान दोन स्टँडबाय ठेवून ‘यांपैकी कोणत्याही एकाची पोच पुरे’ असा नियम लावला, तर एक स्टँडबाय गेल्यावरही काम चालू राहते आणि सेटिंगला हात लावण्याची वेळच येत नाही.

डिस्कवर लिहिले म्हणजे तरी नक्की काय, हाही प्रश्न सुटलेला मानू नये. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांच्या लक्षात आले की लिनक्सवर एफसिंक (माहिती खरोखर डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) एकदा अयशस्वी झाले तर न लिहिली गेलेली पाने ‘लिहिली गेली’ अशी गणली जाऊ शकतात आणि पुन्हा केलेला एफसिंक खुशाल यशस्वी होतो. त्यानंतर अशा प्रसंगी डेटाबेसने स्वतःहून थांबावे आणि लॉगवरून पुन्हा उभे राहावे असा बदल करण्यात आला. तुमच्या प्रणालीत एफसिंकच्या चुकीवर पुनर्प्रयत्न करणारा कोड कुठे असेल तर तो काढून टाकावा.

जुना प्रायमरी जिवंत असेल तर

फेलओव्हर करणाऱ्या यंत्रणेला प्रायमरी ‘बंद पडला’ हे कधीच कळत नाही. तो ‘उत्तर देत नाही’ एवढेच कळते. मधली केबल तुटली असेल किंवा मेमरी आवरण्यासाठी प्रक्रिया पंधरा सेकंद थबकली असेल, तर इकडे नवा प्रायमरी नेमला जातो आणि तिकडे जुना जागा होऊन, मधे काही घडलेच नाही अशा समजुतीत, हातातले लिखाण पूर्ण करतो. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेत केवळ ४३ सेकंदांच्या नेटवर्क-खंडानंतर अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरील डेटाबेसमध्ये एकमेकांकडे नसलेली लिखाणे जमा झाली, आणि सेवा पूर्णपणे सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. माहिती वाचवायची तर घाईने सेवा पूर्ववत करून चालणार नव्हते, आणि त्यांनी माहितीला प्राधान्य दिले. तो निर्णय मला योग्य वाटतो.

उपायाचे दोन भाग आहेत. नवा प्रायमरी नेमण्याचा निर्णय बहुमताने व्हावा, म्हणजे एक बिघाड सोसण्यासाठी किमान तीन आणि दोन सोसण्यासाठी पाच मतदार हवेत. दोनच मशीन असतील तर दोघांनाही ‘समोरचा गेला’ असे वाटू शकते आणि निकाल लावणारा कोणी उरत नाही. पण बहुमत पुरेसे नाही, कारण थबकून जागा झालेल्या जुन्या प्रायमरीला आपण पदच्युत झाल्याची खबरच नसते. म्हणून प्रत्येक नेमणुकीला वाढता अनुक्रमांक द्यावा, प्रत्येक लिखाणासोबत तो पाठवावा, आणि साठवणाऱ्या थराने आजवर पाहिलेल्या मोठ्या अनुक्रमांकापेक्षा लहान क्रमांक घेऊन आलेले लिखाण नाकारावे. ही तपासणी लिहिणाऱ्याकडे ठेवून उपयोग नाही. ती स्वीकारणाऱ्याकडेच हवी. साठवणाऱ्या थरात असे करणे शक्य नसेल, तर नवा प्रायमरी सुरू करण्यापूर्वी जुन्या मशीनची वीज दूरनियंत्रणाने तोडावी आणि ती तुटल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

अडकलेले व्यवहार

एकच व्यवहार दोन डेटाबेसमध्ये मिळून करायचा असेल तर दोन टप्प्यांचे कमिट वापरले जाते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक सहभागी ‘मी तयार आहे’ असे सांगतो आणि त्या क्षणापासून एकट्याने निर्णय घेण्याचा हक्क गमावतो. अंतिम निर्णय देणारा समन्वयक नेमका तेव्हाच नाहीसा झाला तर सहभागी डेटाबेस कुलपे धरून वाट पाहत राहतो. तो प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ म्हणत असतो. अडचण एवढीच की त्याला उत्तर देणारे कोणी शिल्लक नसते.

बहुतेक वेळा यामागे समन्वयकाचा निर्णय-लॉग त्याच्या स्थानिक डिस्कवर असणे हे कारण असते. समन्वयक कंटेनरमध्ये (हवे तेव्हा नव्याने उभ्या होणाऱ्या वेगळ्या आवरणात) चालत असेल तर तो नव्या नावाने पुन्हा उभा राहतो, जुन्या नावाने सुरू झालेले व्यवहार स्वतःचे म्हणून ओळखत नाही आणि त्यांना हात लावत नाही. त्याला कायमस्वरूपी ओळख द्यावी आणि त्याचा लॉग टिकाऊ, शक्यतो रेप्लिकेशन असलेल्या जागी ठेवावा. अडकलेला व्यवहार हाताने सोडवण्याची वेळ आलीच तर दुसऱ्या सहभागी डेटाबेसमध्ये त्याचे काय झाले हे पाहिल्याशिवाय कमिट किंवा रोलबॅक (व्यवहार मागे घेणे) करू नये. अंदाजाने केलेला रोलबॅक हा अर्धा व्यवहार कायम करून ठेवतो, आणि ती चूक शोधणे दुहेरी नोंद शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

फेलओव्हर होताच दुसराही सर्व्हर पडत असेल

हे क्वचित घडते, म्हणून थोडक्यात. ग्रे यांच्या त्याच अभ्यासात तपासलेल्या १३२ सॉफ्टवेअर दोषांपैकी फक्त एकच असा होता की जो पुन्हा त्याच परिस्थितीत हमखास उद्भवला असता. बाकीचे पुन्हा प्रयत्न करताच नाहीसे होणारे होते. जोडीदार प्रक्रियेचा उपाय इतका चांगला चालतो तो यामुळेच. पण तो एखादा हमखास दोष असलेला निरोप क्यूमध्ये (प्रतीक्षेच्या रांगेत) असेल तर तो पहिल्या सर्व्हरला पाडतो, मग दुसऱ्याकडे जाऊन त्यालाही पाडतो. प्रत्येक निरोप हाताळायला घेण्यापूर्वी त्याच्या प्रयत्नांची संख्या टिकाऊ जागी वाढवावी आणि ठरावीक संख्येनंतर तो निरोप बाजूला काढून माणसाच्या नजरेस आणावा. संख्या आधी वाढवायची. हाताळून झाल्यावर वाढवायची ठेवली तर ती कधीच वाढत नाही.

दुरुस्ती झाली हे कसे ओळखावे

फेलओव्हरची चाचणी म्हणून बहुतेक ठिकाणी प्रक्रिया मारली जाते. प्रक्रिया मारल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम तिची जोडणी बंद करते, समोरच्याला लगेच चूक कळते आणि सगळे सुरळीत पार पडते. खऱ्या बिघाडात वीज जाते किंवा केबल तुटते, आणि समोरच्याला फक्त शांतता ऐकू येते. त्यामुळे चाचणीत पॅकेट गुपचूप टाकून देणारा फायरवॉलचा नियम लावून प्रायमरी तोडावा. एकदा दोन्ही दिशांनी आणि एकदा केवळ उत्तराच्या दिशेने. ही दुसरी चाचणी म्हणजे वर सांगितलेला ०२:१३:४१ चाच प्रसंग आहे, आणि आमच्या प्रणालीतील दुहेरी नोंद हवी तेव्हा घडवून आणता आली ती याच चाचणीमुळे. चाचणी चालू असताना ठरावीक खात्यांमध्ये सतत रकमा फिरवत ठेवाव्यात आणि शेवटी सर्व खात्यांची बेरीज बदललेली नाही, पाठवलेल्या प्रत्येक विनंती-क्रमांकाची फार तर एकच नोंद आहे, आणि ‘यशस्वी’ असे उत्तर मिळालेल्या प्रत्येक क्रमांकाची नक्की एक नोंद आहे, हे तपासावे. मूळ सर्व्हरकडे परत येण्याची चाचणीही यात धरावी. ती सहसा कोणी करत नाही.

आधीच होऊन गेलेल्या दुहेरी नोंदी टेबलातून पुसू नयेत. त्यांच्या आधारे व्याज, शिल्लक किंवा पुढचे व्यवहार ठरलेले असू शकतात, आणि पुसलेल्या नोंदीचा माग नंतर कोणालाच काढता येत नाही. प्रत्येकीविरुद्ध एक उलट नोंद करावी. त्या उलट नोंदीचा विनंती-क्रमांक मूळ नोंदीच्या क्रमांकापुढे एक ठरावीक शब्द जोडून तयार करावा आणि त्यालाही तोच युनिक इंडेक्स लागू असावा. आमच्या दुरुस्तीचा कार्यक्रम निम्म्यात बंद पडला तेव्हा तो पहिल्यापासून पुन्हा चालवला, आणि आधी उलटवलेल्या नोंदींना डेटाबेसने स्वतःच नकार दिला.